तर्जुमाकाकांची बत्तीवाली

तर्जुमाकाकांसमोर दुसऱ्याचं बोलणं सांगायची सोय नव्हती. "काका, मेश्रामकाकू म्हणाल्या की आज विहारात वंदना लवकर आहे," एवढं साधं सांगायला गेलं, तरी ते चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "असं म्हणाल्या, की असं म्हणाल्या असं तुले वाटलं?" मग आपण गडबडणार. "म्हणाल्या की साडेआठला या." "हां. मग तसं सांग ना. लवकर हा शब्द तुया पदरचा आहे." लहानपणी मला वाटायचं की हा माणूस मुद्दाम छळतो. मोठेपणी कळलं की ते घडलेलेच तसे होते, छळण्याचा आनंद त्यांना वरकड मिळत होता.

ते कोर्टात अनुवादक होते. जुनी मराठी खरेदीखतं, वाटणीपत्रं, साक्षी यांचा इंग्रजीत तर्जुमा करायचा आणि खाली सही करून तो बरोबर असल्याची हमी द्यायची, हे त्यांचं काम. हिंदीच्या मुलखात सगळे तर्जुमाच म्हणत, म्हणून ते आमचे तर्जुमाकाका. त्यांचं खरं नाव रेशनकार्डाला आणि पोस्टमनला तेवढं ठाऊक होतं. एका खरेदीखतात शेताच्या बांधावर 'आंब्याची तीन झाडे, पैकी एक वठलेले' असं लिहिलेलं होतं. साहेब म्हणाले, मेलेलं लिहा आणि मोकळे व्हा. काका दोन दिवस अडून बसले. "वठलेलं म्हणजे मेलेलं नाही. उद्या त्याले पालवी फुटली तर मी काय जबाब देऊ?" शेवटी खाली दोन ओळींची टीप लिहूनच त्यांनी सही केली. हा किस्सा ते दरवर्षी सांगत, आणि दरवर्षी तो शब्द न शब्द तोच असे.

असा हा माणूस रविवारी सकाळी टॉकीजमध्ये शिरला की पार बदलून जाई.

जबलपूरमधल्या गोरखपूर भागाच्या मागच्या अंगाला आमची वीस-बावीस घरांची वस्ती. निम्मी माणसं रेल्वेत, उरलेली कोर्टात नाहीतर फॅक्टरीत, आणि सगळ्यांची मुळं नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडची. सदर बाजारातल्या एका टॉकीजमध्ये रविवारी सकाळी कमी तिकिटात इंग्रजी चित्रपट लागत. विहारात वंदना आटोपली की आम्ही दहा-बाराजण थेट तिकडे जायचो. इंग्रजी कळणारं माणूस एकच, त्यामुळे एका रांगेत सगळे आणि बरोबर मध्ये काका. पडद्यावर कोणी काही बोललं की काका आधी डावीकडे सांगत, मग उजवीकडे, आणि तिथून ते पुढे सरकत सरकत टोकापर्यंत जाई. मी टोकाला बसत असे. त्यामुळे पडद्यावरचा माणूस मरून त्याचं सगळं आटोपलं, तरी माझ्याकडे तो अजून मरत असे. मागचे लोक ओरडत, "अरे भैया, चुप रहो ना!" काका मागे वळून शांतपणे म्हणत, "जी, बस दो मिनट," आणि ती दोन मिनिटं चित्रपट संपेपर्यंत चालत.

गंमत अशी की आंब्याच्या एका झाडासाठी दोन दिवस अडणारा हा माणूस इथे हात अगदी मोकळा सोडी. पडद्यावरचा माणूस एक वाक्य बोले, काका चार सांगत. नायक नुसता खिडकीबाहेर बघे आणि काका म्हणत, "त्याले माय आठवून राहिली." बाबांनी एकदा विचारलंच, "काहो, तो तोंडही उघडत नाही आणि तुम्हाले बरं ऐकू येते?" काका म्हणाले, "कोर्टात लिहिलेलं सांगा लागते. इथं न लिहिलेलं सांगा लागते." बाबांना हे पटलं की नाही कोण जाणे, पण पुढच्या रविवारी काकांच्या शेजारची खुर्ची त्यांनीच धरली.

त्याच टॉकीजमध्ये आम्हाला बत्तीवाली भेटली. अवकाशातल्या चित्रपटांची ती मालिका होती, आणि तिचं इंग्रजी नाव आमच्यापैकी कोणाला कधी धड घेता आलं नाही. दूर ताऱ्यांच्या पलीकडे, कुठल्याशा काळोख्या पट्ट्यात, एक ठाणं टांगलेलं. तिथे एकटी एक बाई एक प्रचंड दिवा सांभाळते आणि येणारी-जाणारी यानं त्या उजेडावर वाट काढतात. पहिल्या भागात तिच्या ठाण्यावर हल्ला होतो, दुसऱ्यात तिची रसद तोडतात. तिसरा भाग येईपर्यंत मी सातवीतून कॉलेजात पोचले होते. त्याच्या शेवटी तिला घरी न्यायला एक यान येतं. दार उघडतं, आत एक रिकामी खुर्ची दिसते. बत्तीवाली दारापर्यंत जाते, खुर्चीकडे बघते, मागे फिरते आणि दिव्याची काच पुसायला लागते. संपलं. टॉकीजमधले दिवे लागले.

आमची अख्खी रांग काकांकडे वळली. मेश्रामकाकूंच्या डोळ्यांना धार लागली होती. या मेश्रामकाकू म्हणजे रेल्वेतल्या गार्डच्या पत्नी, वस्तीतला सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात पातळ काळीज. "घरी न्याले आले होते ना," त्या म्हणाल्या, "मग काहून नाही गेली?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "बदली आली नाही तिची. तिले सरकारनं तिथं पाठवलं, ती काही मनानं नाही गेली. निघताना घरी सांगून गेली होती, की माया जागेवर दुसरा माणूस आला की त्याच दिवशी परत येतो. दुसरा आलाच नाही. मग दिवा सोडून कशी जाईन? अन् तिचा एक लहान भाऊ आहे घरी. तो रोज संध्याकाळी अंगणात येऊन तो दिवा पाहते. दिवा दिसला की त्याले समजते, बाई बरी आहे."

आमच्या वस्तीला हे लगेच पटलं. बदलीच्या ऑर्डरवर जन्म काढलेली माणसं सगळी, त्यांना दुसरं कारण लागणारच नव्हतं. पडद्यावर यातलं अक्षरही नव्हतं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. काकांनी सांगितलं म्हणजे इंग्रजीत ते कुठेतरी असणारच. पुढे कोणाचा मुलगा नोकरीमुळे सणाला यायचा राहिला की बायका म्हणत, त्याचं बत्तीवालीसारखं झालं. काही वर्षांनी तिन्ही भाग हिंदीत करून टीव्हीवर दाखवले. त्यात ना भाऊ, ना बदली. मेश्रामकाकू खवळल्या. "कापलं पाहा मेल्यांनी! हे टीव्हीवाले चांगलं तेवढंच कापतात." काका शेजारी बसून शेंगदाणे खात होते.

खरं तर 'काहून नाही गेले?' हा प्रश्न काकांनाही आयुष्यभर विचारला गेला. राज्यांची नवी वाटणी झाली, विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला, जबलपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं, आणि कचेरीबरोबर काका नागपूरहून इकडे आले. तेव्हा ते बाविशीचे होते. नागपुरात त्यांची मोठी बहीण होती. तिला ते बाई म्हणत. आईवडील लवकर गेल्यावर या बाईनं विड्या वळून भावाला मॅट्रिक केलं, पुढे इंग्रजीच्या वर्गालाही घातलं. स्वतःचं लग्न करायचं तिच्याकडून राहूनच गेलं. काकांबरोबर आलेले बरेचजण खटपट करून पाच-सहा वर्षांत परत गेले. काका राहिले. पहिलं वर्ष सोडलं, तर दर दिवाळीला दोन दिवस नागपूरला जात, येताना बाईनं दिलेल्या सांडग्या मिरच्यांचा डबा आणत, आणि बाई काय काय म्हणाली ते आम्हाला शब्दशः सांगत. "यंदाही विचारलं तिनं, बदली कवा होते म्हणून. म्हटलं, अर्ज देल्ला आहे." रिटायर झाल्यावर सबब बदलली. "पेन्शन इथल्या खजिन्यातून भेटते ना." मग त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्या दोन खोल्यांत काका एकटे राहिले, तरी नागपूर काही घडलं नाही.

बाई सगळा दोष सरकारला देई. "सरकारनं माया भाऊ नेला," हे ती भाजीवालीपासून मत मागायला येणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवी. सरकारी शिक्का असलेलं कॅलेंडर तिनं कधी भिंतीवर लावू दिलं नाही. मनीऑर्डर घेऊन येणाऱ्या पोस्टमनलाही पाणी द्यायच्या आधी ती दोन शिव्या देई, कारण तोही सरकारचाच. काका या गोष्टी हसत हसत सांगायला घेत आणि अर्ध्यावर थांबत. आम्हाला वाटे, बहिणीच्या आठवणीनं भरून येत असेल.

आणि मग एक दिवस बातमी आली की बत्तीवालीचा नवा चित्रपट येतोय, पण पुढचा नव्हे, आधीचा. ती त्या ठाण्यावर पोचली कशी, त्याची गोष्ट. मेश्रामकाकूंचा मुलगा बंटी तेव्हा कॉलेजात होता, त्यानं सायबर कॅफेतून ही बातमी आणली. वस्तीत लग्नघरासारखी धांदल उडाली. या खेपेला चित्रपट हिंदीतच लागणार होता, म्हणजे तर्जुम्याची गरज नव्हती. तरी मेश्रामकाकूंनी काकांची खुर्ची मधलीच धरली. "सवय आहे जी," त्या म्हणाल्या. चौदाजणांची रांग झाली. मी तोवर बँकेत लागले होते. रजा टाकून गेले.

पडद्यावर मिठागरांचा एक उजाड ग्रह. तिथे तरुण बत्तीवाली आणि तिची आई. आई मीठ खरवडते आणि त्या मजुरीवर मुलीला यान चालवायला शिकवते. मग दूरच्या ठाण्यासाठी माणूस हवा अशी हाक येते. तिला कोणी पाठवत नाही. ती आपली आपण जाते, सगळ्यांच्या आधी स्वतःचं नाव लिहिते आणि आईला न सांगता निघून जाते. का, तर जिथे कोणी आपल्याला मीठवालीची पोर म्हणणार नाही अशी जागा तिला हवी असते. एवढंच. भाऊ नाही, बदली नाही, वचन नाही. आमच्या रांगेत पहिल्यांदाच कोणी कोणाच्या कानाशी लागलं नाही.

बाहेर खव्याच्या जलेबीच्या गाडीपाशी वस्तीची सभा भरली. मेश्रामकाकू लाल झाल्या होत्या. "हे काय दाखवलं? आमची बत्तीवाली अशी नव्हती. ती पळून गेली म्हणे! ती?" बंटी मात्र खूश. त्यानं जुने भाग धड पाहिलेच नव्हते. "मम्मी, स्टोरी छोड़ो ना, मशीनें देखीं? एकदम जबरदस्त!" बाबांच्या हातातली जलेबी तशीच राहिली होती. ते म्हणाले, "मले तर आत्ता समजली ती. इतकी वर्षं आपण तिले फोटोत बसवून हार घातला. आज माणूस वाटली." यावर मेश्रामकाकू त्यांच्यावर घसरल्या, "भाऊजी, फोटोत होती तर तुमचं काय जात होतं?" कोणी म्हणालं, यातली लढाई आधीच्यापेक्षा चांगली घेतली आहे. कोणी म्हणालं, गल्ला भरायला काढलेला आहे, दुसरं काही नाही. मला विचाराल, तर मला राग आला होता. उत्तर वाईट होतं म्हणून नव्हे, उत्तर दिलंच कशाला म्हणून. ती खुर्चीकडे बघून मागे फिरली त्यात सगळं आलं होतं, त्यावर हे अडीच तासांचं स्पष्टीकरण कोणी मागितलं होतं? प्रकरण हमरीतुमरीवर यायला लागलं, तेव्हा मेश्रामकाकूंनी निकाल देऊन टाकला. "या लोकांनी काकांची गोष्ट खराब केली. काका, तुमचीच खरी."

सगळे काकांकडे वळले. काका चष्मा पुसत होते. तो केव्हाच स्वच्छ झालेला होता. "चला, उशीर झाला," एवढंच म्हणाले आणि ऑटोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत निघाले तर ते फाटकापाशी उभे. "अर्धी रजा भेटते का तुले? मले तो पिच्चर परत पाहायचा आहे. एकट्यानं पाहवत नाही." मी गेले. दुपारच्या खेळाला जेमतेम वीस माणसं होती. काका अख्खा वेळ पुढे वाकून बसले होते, जसा एखादा कठीण कागद वाचावा तसे. बाहेर आल्यावर गोरखपूरच्या बाजारात उसाच्या रसाच्या दुकानात आम्ही बाकड्यावर बसलो. रस आला. काकांनी ग्लासाला हात लावला नाही.

"माया तर्जुमा चुकला, पोरी."

"तर्जुमा कसला काका? तिथं तर कोणी काही बोललंच नव्हतं."

"तेच तं. कोणी बोललं नव्हतं, म्हणून मी मायंच घातलं. तेही उलटं करून."

मग त्यांनी सांगितलं. राज्यांच्या वाटणीच्या वेळी कचेरीत एक कागद फिरला होता. कोणत्या राज्यात राहायचं ते ज्यानं त्यानं लिहून द्यायचं. लोक घरी विचारून, दहा वेळा खोडून लिहीत होते. काकांनी पहिल्याच दिवशी मध्य प्रदेश लिहून कागद परत केला आणि घरी जाऊन बाईला सांगितलं की सरकारनं मला तिकडे टाकलं.

"पण काहून, काका?"

"नागपुरात मी विडीवालीचा भाऊ होतो. शाळेत तेच, वस्तीत तेच, कचेरीतही तेच. माया डब्याले तंबाखूचा वास यायचा. डबा उघडला की बाजूचे लोक नाकाले रुमाल लावत. ती मायासाठी पाठ मोडून बसायची, अन् मले तिची शरम वाटायची. इथं आलो तर कोणाले काही माहीत नव्हतं. मोकळं वाटलं. मग रोज वाटे, आज खरं लिहितो, उद्या लिहितो. चाळीसच्या वर वर्षं झाली. ती सरकारले शिव्या देत राहिली अन् मी त्या इथं येऊन तुम्हाले शब्दशः ऐकवत राहिलो. काकूलेही नाही सांगितलं कधी."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांची कणव मात्र फार आली, आणि जिला मी कधी पाहिलं नव्हतं त्या बाईची त्याहून जास्त. काका म्हणाले, "ती ऐंशीची झाली. मी सांगितलं नाही अन् ती गेली, तर चुकीचाच कागद कायम होईन. तिले सांगा लागन."

पण नागपूर एकदम गाठायचा धीर त्यांना झाला नाही. कोर्टात आपल्या तर्जुम्यात चूक सापडली, तर कोणी बोट दाखवायच्या आत ते स्वतःच दुरुस्तीचा कागद लिहून साहेबांपुढे ठेवत. त्यांनी आधी तीच रीत विहारात करून पाहिली. रविवारी वंदना संपल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, "बत्तीवालीचा भाऊ, तिची बदली, अंगणातून दिसणारा दिवा, हे पिच्चरमध्ये नव्हतं. मी मनचं सांगितलं. सगळ्यांनी दुरुस्ती करून घ्या."

मेश्रामकाकू म्हणाल्या, "बसा जी काका. होतं."

"नव्हतं वहिनी."

"होतं. म्या माया कानानं ऐकलं."

"ते मीच सांगितलं होतं ना तुमच्या कानात!"

"मंग? ऐकलं तं म्याच ना?"

अख्खा विहार हसला. काकाही हसले. पण बाहेर चपला घालताना हळूच म्हणाले, "पाहिलं? पिच्चरची दुरुस्ती घ्यायले कोणी तयार नाही. अन् ती तं यावर जन्म काढून बसली आहे." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सिवनीमार्गे नागपूरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये बसलो. मी बरोबर यावं असं त्यांनी म्हटलं नव्हतं, तिकिटं मात्र दोन काढली होती.

बाई म्हणजे एवढीशी, कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. एका खोलीचं घर, शेणानं सारवलेल्या अंगणाइतकी स्वच्छ फरशी. ती दारातच ताटात डाळ निवडत बसली होती. "दिवाळी नाही, काही नाही, कसा आला?" ती म्हणाली. "सोडलं का सरकारनं?" मला तिनं बसायला पाट दिला. काका पाटावर बसले नाहीत. ते तिच्यासमोर खाली बसले आणि चहा व्हायच्या आधीच बोलले.

"बाई, मले सरकारनं नेलं नव्हतं. मी स्वतः लिहून देल्लं होतं. मले तुयी शरम वाटत होती."

वाटेत बसमध्ये त्यांनी याहून पुष्कळ लांब तयार केलं होतं, ते ओठ हलवत असताना मी पाहिलं होतं. त्यातली एवढी तीनच वाक्यं उरली.

बाईचे हात थांबले. तिनं आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू मी तरी काही वेगळं सांगेन. मी मान खाली घातली. "विड्यांची?" तिनं विचारलं. काका हो म्हणाले. "अन् सरकार?" "सरकारनं काही नाही केलं बाई." ती पुन्हा डाळ निवडायला लागली. बोटं चालत होती, पण खडे उचलत नव्हती. मग ती बोलली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखरीचा प्रश्न होता.

"मंग आता मी कोणाले शिव्या देऊ?"

मला तिथे थांबवेना. मी बाहेर ओट्यावर जाऊन रडले. भावाला एक शब्द लागू नये म्हणून या बाईनं सगळ्या शिव्या सरकारला देऊन टाकल्या होत्या, आणि आता तेही राहिलं नव्हतं. आतून काकांचा आवाज आला, "मले दे."

पण तिनं दिल्या नाहीत. जेवायला वाढलं, मला आग्रह केला, काकांच्या ताटात पोळी ठेवली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली. संध्याकाळी नाही, झोपायच्या वेळीही नाही, एक शब्द नाही. बाबा जलेबीच्या गाडीपाशी बरोबर बोलले होते असं मला तेव्हाही वाटलं नाही. मी मेश्रामकाकूंच्याच बाजूची होते. मला वाटलं, पहिलीच गोष्ट बरी होती, ही दुसरी सांगायला आपण यायलाच नको होतं. सकाळी बसच्या वेळेला काका पिशवी घेऊन उंबऱ्याशी आले. मी बाईच्या पाया पडले. काका वाकले, तशी ती एकदम ओरडली.

"थांब मेल्या! कुठं चालला? पहिल्या दिवाळीले करंज्या करून मी स्टेशनवर जाऊन बसली होती. तीन गाड्या पाहिल्या मी, तीन! बेशरम, तुले तेव्हा तरी एक कागद लिहिता आला नाही?"

काकांनी पिशवी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी तसा उजळलेला त्याआधी पाहिला नव्हता. मला म्हणाले, "तू जा पोरी. मले वेळ लागन." मी एकटीच परतले. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत बाईचा आवाज माझ्यामागे येत होता, आणि शेजारपाजारच्या बाया दारात येऊन ऐकत होत्या.

काका परत आलेच नाहीत. रिटायर झाल्यापासून अडलेली पेन्शन एका अर्जात नागपूरला गेली. दोन महिन्यांनी वस्तीच्या नावावर त्यांचं पोस्टकार्ड आलं. मेश्रामकाकूंनी ते विहारात मोठ्यानं वाचून दाखवलं. कोर्टातल्यासारखं नेटकं अक्षर आणि तशीच भाषा: "येथे सर्व कुशल. बाई रोज सकाळी चहा देताना मला शिव्या देते. प्रकरण वर्षवार चालले आहे. सध्या दुसऱ्या वर्षाची दिवाळी सुरू आहे. एकही शब्द वगळत नाही. माझी तब्येत उत्तम." सगळे पोट धरून हसले. मला हसता हसता रडू आलं आणि मी उठून घरी आले.

अडीच वर्षांनी बाई गेली. काका इथल्या दोन खोल्या रिकाम्या करायला म्हणून एका दुपारी आले, आणि वस्ती त्यांच्या दारात जमली. शेवटी मेश्रामकाकूंनीच विचारलं, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "माफ केलं का जी त्यांनी?"

"माफीचं काही बोलली नाही वहिनी," काका म्हणाले. "एकविसाव्या वर्षापर्यंत आली होती." मग सत्तरीला टेकलेला तो माणूस आमच्या सगळ्यांसमोर खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. मेश्रामकाकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मान वर न करता त्यांनी विचारलं, "बाकीची वर्षं आता मले कोण सुनावन?"